जुना हिरा 'खराब कापलेला' नसतो

ऑगस्ट 2025 मध्ये टेलर स्विफ्टच्या साखरपुड्याची बातमी आली आणि तिच्या अंगठीचा फोटो जगभर फिरला. अंगठीतला हिरा हल्ली सगळीकडे दिसतो तसा गोल, बारीक चमचमणारा नव्हता. 'ओल्ड माइन कट' या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या घाटाचा होता: कोपरे गोलावलेला, उशीसारखा चौकोनी, उंच डोक्याचा. अमेरिकेत असे हिरे घेऊन साखरपुड्याची अंगठी नव्याने घडवून घेण्याची पद्धत आधीपासून आहेच. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीनेही अंगठीतला छोटा हिरा काढून एक जुना, जरा मोठा हिरा बसवायचं ठरवलं. तो बसवायला ती एका दुकानात गेली, तर तिथला माणूस म्हणाला, "दगड छान आहे, पण कट खराब. पुन्हा घासून घ्या, मग बघा कसा चमकतो." रात्री फोनवर तिचा पहिला प्रश्न, "मावशी, फसले का गं मी?"

फसली नव्हती. पण 'जुना कट म्हणजे खराब कट' हा समज इतका पसरलेला आहे की त्यापायी दरवर्षी चांगले जुने हिरे चाकावर चढतात आणि कायमचे जातात. म्हणून हे जरा तपशिलात लिहिते.

खाणीतून निघालेला हिरा पाहिलात तर निराशा होईल. काचेच्या मळकट खड्यासारखा दिसतो. सगळी किमया पैलूंची, आणि पैलू काम करतात ते शाळेत शिकलेल्या पूर्ण आंतरिक परावर्तनाच्या जोरावर. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, 2.42 आहे, साध्या काचेचा 1.5 च्या आसपास. त्यामुळे काचेचा क्रांतिक कोन सुमारे 42 अंश असतो, हिऱ्याचा फक्त 24.4 अंश. म्हणजे आतून पृष्ठभागावर येणारा किरण लंबापासून 24.4 अंशांपेक्षा जास्त कललेला असेल तर त्याला बाहेर पडताच येत नाही. तो मागे फिरतो. वरून आत शिरलेला किरण तळाच्या एका पैलूवर आपटतो, समोरच्या पैलूवर जातो, तिथूनही परततो आणि पुन्हा वरून बाहेर पडून आपल्या डोळ्यांत येतो. तळाचा कोन चुकला तर किरण खालून निसटतो आणि हिरा मधोमध पाणचट किंवा काळा दिसतो.

हे कोन नीट मांडणारं गणित 1919 मध्ये मार्सेल तोल्कोव्स्की या हिरे घासणाऱ्या घराण्यातल्या तरुण अभियंत्याने प्रसिद्ध केलं. वरच्या पैलूंचा कोन 34.5 अंश, तळाचा 40.75 अंश, वरचं सपाट 'टेबल' व्यासाच्या 53 टक्के. आजचा 'राउंड ब्रिलियंट' हा त्याच आकड्यांभोवती घडलेला आहे आणि प्रमाणपत्रावरचा 'एक्सलंट' हा शेराही अशाच गोल आधुनिक हिऱ्यांसाठी तयार झाला. जुन्या घाटाच्या हिऱ्यांना तो लागू होत नाही. दुकानदाराने भाचीच्या हिऱ्याला ज्या मोजपट्टीने मोजलं, ती मोजपट्टीच त्या हिऱ्याची नव्हती.

मग जुने कारागीर काय करत होते? कच्चा हिरा बरेचदा अष्टफलक रूपात सापडतो: दोन पिरॅमिड तळाला तळ लावून चिकटवल्यासारखे. साधारण 1900 च्या आसपास यंत्राची करवत आली आणि अष्टफलकाचे दोन तुकडे करून दोन हिरे काढणं परवडू लागलं. त्याआधी एका खड्यातून एकच हिरा निघे. वरचं टोक घासून सपाट करायचं, खालचं टोक थोडं बोथट करायचं आणि मधलं वजन शक्य तितकं वाचवायचं. म्हणून जुना हिरा उंच, खोल, लहान टेबलाचा. खालचं बोथट केलेलं टोक, त्याला 'क्युलेट' म्हणतात, ते वरून पाहिलं की मधोमध एका छोट्या वर्तुळासारखं दिसतं. नवशिक्यांना ते भोक वाटतं. दहापट भिंगाखाली धरलं की त्याच्या कडा स्वच्छ दिसतात. भाचीने मला तसा व्हिडिओ पाठवला तेव्हा ते वर्तुळ थोडं एका बाजूला सरकलेलं होतं. हातानं आणि नजरेनं केलेल्या कामाची ती खूण.

'ओल्ड माइन' या नावात 'जुनी खाण' आहे ती भारत आणि ब्राझीलची. 1720 च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे मुख्यतः भारतच पुरवत होता, आणि त्यात कृष्णाकाठच्या कोल्लूरसारख्या गोवळकोंड्याच्या खाणी सर्वांत नावाजलेल्या. 1867 नंतर दक्षिण आफ्रिकेचे हिरे बाजारात आले आणि आधीच्या खाणी 'जुन्या' झाल्या. पुढे 1870 च्या दशकात बॉस्टनमध्ये वाफेवर चालणारं, हिऱ्याला गोल आकार देणारं यंत्र आलं. उशीचा आकार मागे पडला, गोल 'ओल्ड युरोपियन कट' आला. पण त्याचीही उंची आणि लहान टेबल जुन्या वळणाचंच राहिलं.

आता मला खरं सांगायचंय ते. जुन्या आणि नव्या गोल हिऱ्यात पैलू जवळपास तितकेच असतात. वर 33, खाली 24, आणि क्युलेट धरला तर 58. तरी दोघांची चमक अगदी वेगळी. का?

पहिलं कारण तळाशी आहे. तळाला आठ मुख्य पैलू असतात आणि त्यांच्या मधे कंबरेकडून, म्हणजे हिऱ्याच्या सर्वांत रुंद कडेकडून, खाली उतरणारे सोळा छोटे पैलू. नव्या हिऱ्यात हे सोळा पैलू टोकाच्या दिशेनं तीन-चतुर्थांशाहूनही लांब जातात, त्यामुळे मुख्य पैलू बाणासारखे निमुळते होतात. जुन्या हिऱ्यात ते सोळा आखूड, मुख्य पैलू रुंद. वरून पाहताना आपल्याला नुसते वरचे पैलू दिसत नाहीत. त्यांच्यातून तळाचे पैलू, त्या पैलूंत समोरच्या पैलूंची प्रतिबिंबं, त्या प्रतिबिंबांच्या कडांनी पुन्हा चिरलेले तुकडे असं सगळं दिसतं. यांना आभासी पैलू म्हणू. प्रत्येक परावर्तनात त्यांची संख्या वाढते आणि आकार घटतो. नव्या हिऱ्यात हे तुकडे इतके बारीक होतात की प्रत्येकातून येणारी प्रकाशाची शलाका केसासारखी अरुंद असते. जुन्या हिऱ्यात तुकडे थोडे, पण ठसठशीत. हात हलवला की नव्या हिऱ्यात शेकडो बारीक ठिणग्या उडतात, जुन्यात मोजके मोठे लोळ एका पैलूवरून दुसऱ्यावर सरकतात.

दुसरं कारण रंगाचं, आणि ते मला त्याहून सुंदर वाटतं. हिऱ्याचा अपवर्तनांक सगळ्या रंगांसाठी सारखा नसतो. तांबड्यासाठी 2.407, जांभळ्यासाठी 2.451. फरक फक्त 0.044. एवढ्याशा फरकातून इंद्रधनुष्य कसं निघतं हे पाहायचं तर किरण बाहेर पडतो त्या क्षणाकडे पाहायला हवं. समजा, पांढरा किरण आत न फुटता आला आणि वरच्या पैलूवर आतून 5 अंशांनी आपटला. प्रकाश किती वळेल हे सांगणाऱ्या स्नेलच्या नियमाने तांबडा रंग 12.1 अंशांवर बाहेर पडेल, जांभळा 12.3 वर. अंगठी डोळ्यांपासून 40 सेंटीमीटरवर धरली तर तोवर दोन रंगांत अंतर पडेल जेमतेम दीड मिलिमीटर. डोळ्याची बाहुली उजेडात 2 ते 4 मिलिमीटरची. सगळे रंग एकदमच आत शिरतात आणि आपल्याला दिसतो पांढरा प्रकाश.

तोच किरण 5 ऐवजी 20 अंशांनी आपटला तर? क्रांतिक कोनाच्या जवळ. आता तांबडा 55.4 अंशांवर, जांभळा 57 च्या जवळ. फरक दीड अंशाहून जास्त. 40 सेंटीमीटरवर हा रंगांचा पंखा जवळजवळ 11 मिलिमीटर रुंद होतो. अंधारात बाहुली 6-7 मिलिमीटरपर्यंत मोठी झाली तरी त्यात तो पूर्ण मावत नाही. डोळ्याला पंख्याचा एकच भाग मिळतो: आता केशरी, हात तसूभर हलला की हिरवा, मग निळा. रंग पूर्वीही होताच. तो डोळ्यावर पसरण्याइतका फाकला की दिसू लागतो. कलते बाहेर पडणारे किरण जितके जास्त तितका रंग जास्त, आणि जुन्या हिऱ्याचं उंच डोकं, त्यावरचे तीव्र उताराचे मोठे पैलू आणि लहान टेबल हे नेमकं तेच घडवून आणतात. नव्या हिऱ्यातही असे पंखे असतात, पण केसाएवढ्या शलाकेतला प्रकाश फार थोडा, त्यामुळे पुष्कळदा डोळ्याला रंग ओळखू येण्याआधीच ठिणगी विझते. रुंद शलाकेत प्रकाश भरपूर, रंग ठसतो.

याची किंमतही आहे. खोल तळामुळे जुन्या हिऱ्यातून काही किरण खालून निसटतात. वर परतणारा एकूण प्रकाश आधुनिक उत्तम हिऱ्याइतका नसतो. भर दुपारी ढगाळ आकाशाखाली किंवा ऑफिसच्या एलईडी पॅनलखाली तो मंद वाटतो. कारण तिथे प्रकाश चहूबाजूंनी येतो, एका दिशेच्या पंख्यातला तांबडा दुसऱ्या दिशेच्या निळ्यावर पडतो आणि सगळं पुन्हा पांढरं होतं. रंग हवे असतील तर प्रकाशाचा उगम लहान हवा: मेणबत्ती, समई, खोलीतला एकच बल्ब. भाचीला म्हटलं, घरातले दिवे मालव आणि समोरच्या टेबलावर मोबाइलचा टॉर्च लावून बघ. "अगं, हा तर पेटलाय," असं म्हणून ती पाच मिनिटं काही बोललीच नाही.

'हे हिरे मेणबत्तीच्या उजेडासाठीच कापले गेले' असं विक्रेते हल्ली सर्रास सांगतात. ऐकायला गोड आहे, पण अर्धंच खरं. कारागिराला वाचवायचं होतं ते वजन, आणि हाताशी होता अष्टफलकाचा आकार. त्या भूमितीला मेणबत्तीचा उजेड मानवला, आणि त्या काळच्या नजरेला ते आवडलं म्हणून ती टिकली.

पुन्हा घासण्याचा सल्ला किती महाग पडतो याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कोहिनूर. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात लोकांना तो निस्तेज वाटला, प्रिन्स अल्बर्टलाही. 1852 मध्ये तो नव्याने कापला गेला आणि सुमारे 191 कॅरेटचा हिरा 105.6 कॅरेटचा झाला. आपल्या जवळचं उदाहरण नाशिकच्या हिऱ्याचं. त्र्यंबकेश्वराच्या मंदिरातला हा हिरा पेशवाई बुडताना ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती लागला आणि 1818 मध्ये लंडनच्या जवाहिऱ्यांकडे गेला. तेव्हा तो सुमारे 90 कॅरेटचा होता. त्यांनी तो मूळ आकार बराचसा सांभाळून घासला, तरी दहाएक कॅरेट गेले. 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो आधुनिक एमराल्ड कटमध्ये पुन्हा कापला आणि उरला 43.38 कॅरेट. पुढे तो अंगठीतही बसला. आज तो निर्दोष म्हणून ओळखला जातो, पण भारतीय कारागिराने दिलेला त्याचा घाट आता कुणालाही पाहता येणार नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

भाचीच्या सासरी वेगळीच हरकत निघाली: दुसऱ्याने वापरलेला हिरा लाभत नाही, आधीच्या मालकाचं दैव चिकटून येतं. हिरा हा कार्बनच्या अणूंचा जाळीदार स्फटिक आहे. त्यात कुणाचं दैव साठवायला जागा नाही. बहुतेक नैसर्गिक हिरे एक ते साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी, जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल तयार झालेले असतात. दुकानातला 'कोरा' हिराही तितकाच म्हातारा. ग्रहांसाठी अमुक कॅरेटचा हिरा अमुक बोटात घाला असं सांगणाऱ्यांनी आजवर असा एकही परिणाम मोजून दाखवलेला नाही, आणि अशा भीतीपोटी आजीची कुडी मोडीत घालणारी घरं मी पाहिली आहेत.

दुसरी एक समजूत मात्र खरोखर नुकसान करते: अस्सल हिरा ऐरणीवर ठेवून घण घातला तरी फुटत नाही. कठीण असणं आणि चिवट असणं या वेगळ्या गोष्टी. हिऱ्यावर ओरखडा फक्त हिराच काढतो, पण अष्टफलकाच्या चार दिशांना त्याचे बंध कमी पडतात आणि त्या दिशेने नेमका ठोका बसला तर तो सरळ चिरतो. जुन्या हिऱ्याची कंबर ठिकठिकाणी सुरीच्या पात्यासारखी पातळ असते. तिथे कोंदणाचं नख, म्हणजे हिरा धरून ठेवणारा धातूचा आकडा, जोरात दाबलं तर कपचा उडतो. म्हणून बसवण्याआधी भिंगाखाली कंबर सगळीकडून फिरवून पाहायची, ती फार पातळ असेल तिथे नख आणायचंच नाही, आणि कारागिराची तयारी असेल तर संपूर्ण कडेने सोन्याची पट्टी फिरवून घ्यायची. हिरा जागेवर असताना बत्तीच्या ज्योतीने डाग देऊन धातू सांधायचा असेल तर आधी त्यावर बोरिक ॲसिडचा लेप हवा. हवेत सातशे-आठशे अंश सेल्सियसला हिऱ्याचा पृष्ठभाग जळून दुधी होतो.

जुन्या बंद कोंदणातून काढलेल्या हिऱ्याची आणखी एक गोष्ट. त्याच्या मागे पूर्वी चकचकीत वर्ख लावलेला असायचा, खालून निसटणारे किरण तो परत पाठवायचा. तो हिरा मोकळ्या कोंदणात बसवला की एकदम उतरलेला दिसतो. भाचीच्या हिऱ्याच्या तळाशी वर्खाचे काही अंश नव्हते, त्यामुळे तिने कोंदण मागून उघडं ठेवलं. अंगठीची घडणावळ थोडी वाढली, कारण प्रत्येक नख हिऱ्याच्या वाकड्या कडेप्रमाणे वेगळं घडवावं लागलं. क्युलेट अजूनही एका बाजूला आहे, आणि अंगठी मागच्या उघड्या बाजूने, साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने घासत जा, असं तिला सांगितलं आहे. हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर चिकटतो आणि तळाला तेलाचा थर बसला की क्रांतिक कोन वाढतो, किरण खालून गळू लागतात.