वाटी बदलली म्हणजे तीन महिने अंथरूण? अजिबात नाही

खानापूर-निपाणीकडे गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, "वाटी बदलली की तीन महिने पाय हलवायचा नाही, टाके तुटतात." या एका वाक्याच्या भीतीने माझ्या आईने चार वर्षं दुखणं अंगावर काढलं. म्हणून हे लिहितेय.

मुळात "वाटी बदलणं" हा शब्दच फसवा. अख्खा सांधा कापून काढत नाहीत. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं तासून त्यावर धातूचं आवरण आणि मध्ये पॉलिथिलीन या प्लॅस्टिकची चकती बसवतात. हा सांधा लगेच भार घेतो, त्यामुळे बहुतेक पेशंटना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. बेळगावात आईलाही दुसऱ्या दिवशी सकाळी उठवलं. वॉकर घट्ट धरून, ओठ आवळून ती खिडकीपर्यंत सात पावलं चालली.

खरा धोका पडून राहण्यात आहे. पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते, सांधा आखडतो. भेटायला आलेल्या मावश्या मायेनं गुडघ्याखाली उशी सरकवायच्या, मी दरवेळी काढून टाचेखाली ठेवायची. गुडघा वाकलेलाच राहिला तर पाय सरळ होत नाही.

तयारी मात्र आधीपासून हवी: साखर आटोक्यात, किडलेल्या दातांवर उपचार, मांडीचे व्यायाम. आणि घरी आल्यावर पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.