एका वाडीतल्या तीन पेन्शनी आणि निवृत्तीनंतरचं काम

निवृत्त गुरुजी, फंडाची (भविष्य निर्वाह निधीची) पेन्शन घेऊन मुंबईहून परतलेला चाकरमानी आणि गरीब वृद्धांसाठीच्या राज्याच्या श्रावणबाळ योजनेतली आजी. कोकणातल्या बहुतेक वाड्यांत हे तिघं सापडतात. पुढे कमावलं तर पेन्शनला धक्का लागतो का, याचं उत्तर मात्र तिघांचं वेगळं आहे.

आधी फंडवाल्याचं. फंडाच्या १९७१ च्या कुटुंब पेन्शन योजनेत कामगार वारल्यावर त्याच्या विधवेला पेन्शन मिळे. कामगाराला स्वतःच्या म्हातारपणी मासिक पेन्शन मिळू लागली ती १६ नोव्हेंबर १९९५ च्या योजनेपासून. १९८२ च्या संपात गिरणी सुटली आणि नंतर फंड कापणारी नोकरी लागलीच नाही, असे कोकणी कामगार त्यामुळे कायमचे बाहेर राहिले. ज्यांना मिळते, त्यांचीही तुटपुंजीच: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पगार धरायचा तो जास्तीत जास्त १५,००० रुपये. २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये. एवढ्यात औषधंही भागत नाहीत, म्हणून लोक काम सोडत नाहीत.

या योजनेत कामाला बंदी नाही. सेवा १० वर्षं भरली असेल तर ५८ पूर्ण होताच, त्याच नोकरीत राहूनही, पेन्शन मागण्याचा फॉर्म १०-डी भरता येतो. ६० पर्यंत थांबल्यास वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. घोळ होतो तो मालक भरतो त्या वाट्यातल्या, पेन्शन खात्यात जाणाऱ्या ८.३३ टक्क्यांचा. पेन्शन पुढे ढकललेली नसेल तर ५८ नंतर ही रक्कम फंडातच जायला हवी. पगारपत्रक करणारा ती पेन्शन खात्यात भरत राहतो आणि दुरुस्तीपर्यंत दावा अडकतो. आधारवरची आणि फंडातली जन्मतारीख जुळत नसेल तर आधी ती दुरुस्त करावी. ५८ वर्षं त्यावरूनच मोजतात.

गुरुजींची पेन्शन १९८२ च्या राज्य नियमांतली. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमलेल्यांना लागू. आंतरजिल्हा बदल्यांनी शाळा रिकाम्या पडल्यावर २०२३ मध्ये ७० वर्षांपर्यंतच्या निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपये मानधनावर घेण्याचं ठरलं. पेन्शन चालूच राहते, पण ही सेवा तिच्यात धरत नाहीत. प्राप्तिकर मात्र दोन्हींच्या बेरजेवर लागतो. पेन्शनमधून कर कापताना मानधन धरलेलं नसतं, त्यामुळे फरक स्वतः भरावा लागतो.

खरी अडचण आजीची. श्रावणबाळला वय ६५ आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं, म्हणजे महिना १,७५०. २०२३ मध्ये अनुदान १,५०० रुपये झालं, मर्यादा तीच राहिली. मुलाची मजुरी आणि हंगामात आंब्याच्या कॅनिंग कारखान्यात जाऊन मिळवलेले पैसे धरले तर ती सहज ओलांडली जाते. ही मर्यादा वाढवायलाच हवी.

हयातीचा दाखला तिघांनाही लागतो: गुरुजींना नोव्हेंबरात, फंडवाल्याला मागच्या दाखल्यापासून वर्षाच्या आत. काजू सोलणाऱ्यांची बोटं बियांच्या तेलाने भाजतात आणि यंत्रावर ठसा उठत नाही. गुरुजी आणि फंडवाल्याने अशा वेळी मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, काढावा.