पहिली क्रूझ, बेताच्या पैशांत

आमच्या कोल्हापूरच्या ट्रॅव्हल ऑफिसात क्रूझची चौकशी करायला आलेली मंडळी दोन प्रश्न हमखास विचारतात. आधी "बोट लागते का हो?" आणि मग जरा आवाज खाली आणून, "सगळं धरून किती?" दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण फसगत तिथे होते.

पहिल्या क्रूझसाठी सिंगापूर गाठायची गरज नाही. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करते. जहाज १९९० सालचं आहे, त्यामुळे नव्या कोऱ्या जहाजाचा थाट मनात धरून जाऊ नका. पण पोहण्याचा तलाव, थिएटर, रात्रीचे कार्यक्रम, शाकाहारी आणि जैन जेवण, सगळं आहे. देशातल्या देशातली फेरी असेल तर पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र पुरतं. तसं पाहिलं तर आपल्या आजोबांनीही भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने हाच समुद्र पार केला आहे, डेकवर सतरंजी टाकून. तिला कोणी क्रूझ म्हणत नव्हतं, इतकंच.

जाहिरातीतला आकडा आणि खरा आकडा

जाहिरातीत मोठ्या अक्षरात दिसतं ते भाडं बहुधा माणशी असतं, तेही दोघांनी एक खोली घेतली असं धरून. त्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क म्हणजे टिप, आणि जीएसटी चढतो. म्हणून कोणाकडेही चौकशी करा, आमच्याकडेसुद्धा, "माझ्या कुटुंबाला सगळं मिळून शेवटचा आकडा किती?" एवढंच विचारा आणि तो लिहून घ्या. एकट्याने जाणाऱ्याला हे गणित महाग पडतं, कारण रिकाम्या पलंगाचे पैसेही बहुतेक त्यालाच भरावे लागतात. उलट त्याच खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं कमी असतं. चौघांनी एका खोलीत दाटीवाटीने राहायची तयारी असेल तर बरीच बचत होते. बाथरूम मात्र एकच, आणि तेही लहान.

खोली कोणती घ्यावी? आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या वेळी आतली, बिनखिडकीची. बाल्कनीची खोली विकली तर आमचं कमिशन वाढतं, तरी सांगतो. दोन रात्रींच्या फेरीत माणूस खोलीत झोपायला आणि कपडे बदलायलाच येतो. समुद्र वरच्या डेकवरून सगळ्यांना सारखाच दिसतो. ज्यांना बंद जागेत जीव घाबरा होतो त्यांनी मात्र खिडकीवर पैसे खर्च करावेत.

खरी बचत तारखेत असते. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ सोडून आठवड्याच्या मधल्या दिवसांची फेरी पाहा. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा मुंबईहून जायचा विचारच नको.

जहाजावर पाकीट कुठे हलकं होतं

मुख्य जेवणघरातलं खाणं भाड्यात येतं. दारू, थंड पेयं, स्पा, कॅसिनो, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली हे सगळं वेगळं. जहाजावर रोख चालत नाही, खर्च जहाजाने दिलेल्या कार्डावर चढत जातो. म्हणून तो जाणवतच नाही आणि उतरताना बिल पाहून तोंड उतरतं. रोज रात्री खात्यावर किती चढलं ते काउंटरवर विचारून घ्या.

मोबाइलचं विशेष जपा. किनारा मागे पडला की आपलं नेटवर्क जातं आणि फोन जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडू शकतो. त्याचे दर रोमिंगपेक्षाही जबर. बंदर सुटलं की फोन विमान मोडवर टाका. आमच्या एका ग्राहकाच्या मुलाने दोन रील पाहिल्या, त्या बिलाचा विषय घरी अजून निघतो.

गोव्यात जहाज मुरगाव बंदरात लागतं, पणजीत नाही. जहाजाची सहल घ्यायची नसेल तर चौघांत टॅक्सी ठरवा किंवा वास्कोहून कदंबची, म्हणजे गोवा सरकारची, बस पकडा. जपानी गार्डन आणि बोगमाळोचा किनारा जवळ आहेत. उत्तर गोव्याचा हट्ट धरू नका. जहाजाची सहल उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी सहसा थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबणार नाही.

लक्षद्वीपचं आकर्षण आम्हालाही आहे, पण तिथे जहाज खोल पाण्यात नांगर टाकतं आणि लहान बोटीतून बेटावर जावं लागतं. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना ते जड जातं, आणि समुद्र खवळला तर उतरणंच रद्द होतं. पहिल्या वेळी गोवाच बरं.

आता बोट लागण्याविषयी

ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोटही लागू शकते. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली खोली सगळ्यात कमी हलते, आणि ती बऱ्याचदा स्वस्तही असते. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. पोट अगदी रिकामं ठेवू नका. गरोदरपणाचे २४ आठवडे झाले असतील तर बहुतेक कंपन्या चढूच देत नाहीत, हे बुकिंगच्या आधी सांगा. इस्त्री आणि इलेक्ट्रिक किटली घरीच राहू दे; तपासणीत काढून घेतात.

कोल्हापूर, सांगली, मिरजकरांनी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली तर सकाळी सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाज सुटतं तो धक्का, टॅक्सीने थोड्याच मिनिटांवर, म्हणजे मुंबईतल्या हॉटेलची एक रात्र वाचली. जहाजावर चढायचं दुपारी असेल तर गाडीला उशीर झाला तरी हाताशी वेळ उरतो. सकाळच्या गाडीने निघून त्याच दिवशी जहाज पकडायचा धोका मात्र पत्करू नका. वेळापत्रकात मुंबई ते गोवा अशी एकतर्फी फेरी असेल, तर परतीला गोव्याहून एसटी किंवा कदंबने थेट घरी येता येतं.

चौकशीला येताना माणसं किती, मुलांची वयं काय आणि कोणत्या तारखा दोन-चार दिवस पुढेमागे करता येतील, एवढं ठरवून या. तारखा हलवता येत असतील तर शेवटचा आकडा बराच खाली आणून देता येतो.