चाकामागचा स्पेसर: बसवण्याआधी आमचं म्हणणं वाचा

नमस्कार.

महिन्यातून दोन-चार गिऱ्हाईकं स्पेसरचा बॉक्स हातात घेऊनच आमच्याकडे येतात. ऑनलाइन मागवलेला असतो, नाहीतर कुणाकडून तरी स्वस्तात मिळालेला असतो. "एवढा बसवून द्या, मजुरी होईल ती घ्या." माल वाहणाऱ्या गाडीला आम्ही स्पेसर बसवत नाही. नकार ऐकून काही जण नाराज होतात, पुढच्या दुकानात जातात आणि तिथे अर्ध्या तासात काम होऊनही जातं. काउंटरवर घाईत सगळं सांगून होत नाही, म्हणून ते इथे लिहून ठेवलं आहे. पिकअप, टेम्पो, ट्रक, डंपर ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे सावकाश वाचावं आणि आपल्या ड्रायव्हरलाही वाचायला द्यावं. स्टेअरिंगवर तो असतो.

स्पेसर म्हणजे हब (ॲक्सलच्या टोकाचा, चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि चाकाची डिस्क (चाकाचा मधला, नट लागतात तो भाग) यांच्यामध्ये घालायची धातूची चकती, बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची. तिच्यामुळे चाक तेवढं बाहेर येतं. पातळ स्पेसर, म्हणजे ५ ते १० मिमीचा, मूळ स्टडवरच (हबमधून बाहेर आलेल्या, नट चढतो त्या आट्यांच्या दांड्यांवर) सरकवतात आणि वरून चाक लावतात. जाड स्पेसर २० ते ५० मिमीचा असतो. तो आधी हबला नटांनी आवळायचा, आणि त्याच्या स्वतःच्या स्टडवर चाक लावायचं. धोका दोन्हींत आहे, फक्त जागा वेगळी.

चाकाला धरून कोण ठेवतं?

बहुतेकांना वाटतं की चाकाचं वजन स्टडवर टांगलेलं असतं. तसं नाही. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि डिस्कला हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळे दोन तोंडांमध्ये जे घर्षण तयार होतं, ते चाक धरून ठेवतं. ते आहे तोवर स्टडला आडवा मार बसत नाही. दाब कमी झाला की डिस्क केसाएवढी सरकायला लागते, आणि मग प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो आणि सरळ होतो. तार मागे-पुढे वाकवून तोडतात ना, तसंच.

आता या जोडात स्पेसर घाला. जिथे दोन तोंडं एकमेकांना भिडत होती, तिथे चार झाली. प्रत्येक तोंडावरचा रंग, गंज, माती पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये दबते आणि नट सैल होतो. त्यात ॲल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. स्टडचा ताण मुळात मिलिमीटरच्या मोजक्या शंभरांश भागाएवढा असतो. घाटात ब्रेकचा ड्रम शंभर अंशांनी तापला तर २५ मिमीचा स्पेसर स्टडपेक्षा दोन-तीन शंभरांश जास्त फुगतो. ऐकायला ते काहीच वाटत नाही, पण स्टडच्या हिशेबात ती मोठी ओढ आहे. गाडी तापते, निवते, पुन्हा तापते, आणि दर वेळी ॲल्युमिनियमचं तोंड थोडं थोडं चेपत जातं.

पातळ स्पेसरमध्ये आट्यांचा प्रश्न येतो. नट स्टडवर निदान स्टडच्या जाडीएवढा चढलेला असावा, हा आमचा नियम. एम-१२, म्हणजे १२ मिमी जाडीच्या स्टडला बहुतेकदा १.५ मिमीचे आटे असतात, म्हणजे नटाचे पूर्ण आठ फेरे झाले पाहिजेत. १० मिमीचा स्पेसर घातला की त्यातले साडेसहाच्या वर फेरे गेले. कंपनीने दहा फेऱ्यांची सोय ठेवली असेल, तर हातात साडेतीनसुद्धा उरत नाहीत. पाना लावला की नट घट्ट लागतो, बाहेरून दिसायलाही चांगला दिसतो, आणि चाक तीन आट्यांवर उभं असतं. घरी करून बघता येईल असा तपास: नट हाताने फिरवत चढवा आणि फेरे मोजा.

दुसरी गोष्ट हबच्या मधल्या गोल उंचवट्याची. चाक बरोबर मध्यावर बसवायचं काम तो करतो. स्पेसरने तो झाकला गेला आणि स्पेसरला स्वतःचा तसा उंचवटा नसला, तर चाक केवळ स्टडच्या भरवशावर बसतं. पिकअपचे नट निमुळते असल्यामुळे ते चाकाला थोडंफार मध्यावर आणतात. मोठ्या ट्रकच्या दहा स्टडच्या चाकाला, ज्याला सपाट वॉशरचे नट येतात, ते नट चाक मध्यावर आणत नाहीत. तिथे हबचा आधार गेला की चाक खाली उतरून बसतं आणि गाडी पहिल्या दिवसापासून थरथरते.

पहारीचा हिशेब

२०१८ साली सरकारने चार टायरच्या मागच्या ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. म्हणजे भरलेल्या गाडीत एका बाजूच्या जोडीवर पावणेसहा टन. ही जोडी २५ मिमी बाहेर सरकवली, तर हब आणि बेअरिंगवर जो जादा पीळ येतो तो सुमारे १४४ किलोग्रॅम-मीटर भरतो. एक मीटर लांबीची पहार हबला आडवी जोडा आणि तिच्या टोकावर दोन धडधाकट माणसं उभी करा, एवढा तो जोर आहे. हा झाला सपाट रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचा हिशेब. खड्ड्यात चाक आपटलं की तोच जोर त्या क्षणापुरता कितीतरी वाढतो. बेअरिंगचं माप कंपनीने चाकाच्या मूळ जागेप्रमाणे ठरवलेलं असतं. त्यात थोडी सूट असते, पण आपल्याकडे ओव्हरलोडने ती आधीच खाल्लेली असते.

पुढच्या चाकांना आणखी एक दुखणं आहे. चाक ज्या रेषेभोवती वळतं त्या रेषेपासून टायर जितका लांब जाईल, तितका खड्ड्याचा हिसका स्टेअरिंगला जास्त बसतो. एका बाजूचा ब्रेक थोडा जास्त लागला तर गाडी त्या बाजूला जास्त ओढते. पुढे स्पेसर घातलेली पिकअप घेऊन आलेला माणूस पहिल्यांदा हेच सांगतो: "अलाइनमेंट करून घेतलं, तरी हातात राहत नाही." अलाइनमेंटने ते बरं होणार नाही.

आमच्या टेबलावरचे दोन स्टड

मागच्या हंगामात भाजीपाल्याची एक पिकअप आमच्याकडे ओढून आणली होती. कुंभार्ली घाटाने चिपळूणला जाऊन परत येत होती. पाटण सोडल्यावर मागून कटकट आवाज यायला लागला. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, म्हणून सगळे वाचले. मागच्या डाव्या चाकाला ३० मिमीचा स्पेसर होता, दुसरीकडे कुठेतरी बसवलेला. पाच स्टडपैकी दोन तुटलेले, तिसऱ्याचा नट बोटांनी फिरत होता.

ते दोन स्टड आम्ही जपून ठेवले आहेत, आलात की बघा. तुटलेल्या तोंडावर एका कडेपासून आत जाणाऱ्या बारीक वळ्या दिसतात, शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा. तडा आठवडेच्या आठवडे थोडा थोडा पुढे सरकत होता, त्याच्या त्या खुणा. उरलेला भाग खरखरीत आणि चकचकीत आहे, तो शेवटच्या दिवशी एका झटक्यात तुटला. स्पेसरच्या तोंडावर काळी पूड बसली होती आणि भोकं लांबट झाली होती. जोड कितीतरी दिवस हलत होता.

ड्रायव्हरची चूक होती असं आम्हाला वाटत नाही. तो रोज सकाळी नटांवर पाना फिरवायचा. पण तो फिरवायचा बाहेरच्या नटांवर, आणि सैल झाले होते ते आतले, स्पेसर हबला धरणारे. चाक उतरवल्याशिवाय ते दिसत नाहीत, हातोडीने ठोकून त्यांचा आवाजही घेता येत नाही. जाड स्पेसरवर आमचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. रोजच्या नजरेला जे दिसत नाही, ते रोज तपासलं जात नाही.

मग माझी अडचण कशी सुटेल?

स्पेसर मागणाऱ्याची अडचण खरी असते, ती आम्ही नाकारत नाही. पण तिच्यावर दुसरा इलाज बहुतेक वेळा असतो.

मोठा टायर आत पाट्याला (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगला) किंवा स्टेअरिंगच्या सांध्याला घासतो, ही तक्रार सगळ्यात जास्त येते. त्याला योग्य ऑफसेटची रिम घ्या; रिमच्या मध्यापासून हबला टेकणारं तोंड किती आत-बाहेर आहे, तो ऑफसेट. डिस्क आणि रिम एकसंध असल्यामुळे जादा जोड तयार होत नाही. चाक बाहेर आलं की बेअरिंगवरचा भार मात्र रिमनेही वाढतो, म्हणून कंपनीने त्या गाडीसाठी सांगितलेल्या मापाच्या बाहेर जाऊ नका. खरं तर टायरचंच माप कंपनीचं ठेवलं की हा प्रश्न उद्भवत नाही.

"गाडी भरल्यावर डुलते, चाकं रुंद केली की बसेल." डुलते ती पाट्यांवर. डाव्या आणि उजव्या पाट्यामधलं अंतर स्पेसरने एक मिमीही बदलत नाही, त्यामुळे डुलणं तेवढंच राहतं. उलटण्याचा हिशेब बघितला, तर दोन्ही बाजूंना ३० मिमी वाढवून दीड मीटर रुंदीच्या गाडीला चार टक्क्यांचा फायदा होतो. भरलेल्या गाडीचा भारमध्य १.२ मीटरवर असेल आणि माल नीट लावून तो १० सेंटिमीटर खाली आणला, तर नऊ टक्क्यांचा फायदा होतो, तोही फुकट. जड क्रेट खाली, हलके वर. पाटे बसले असतील तर ते कमानीला द्या, बुश बदला.

मागच्या जोडीतले दोन टायर एकमेकांना चिकटतात म्हणून मध्ये चकती मागणारे ट्रकवालेही येतात. भार पडल्यावर टायर खाली फुगतात आणि एकमेकांना घासून तापतात, हे खरं आहे. पण आधी हवा बघा. कमी हवेचा टायरच जास्त फुगतो. हवा बरोबर असूनही चिकटत असतील, तर टायर त्या रिमसाठी मोठा आहे. लेथवर कापून घेतलेली लोखंडी चकती दहा स्टडमध्ये घालून हे सोडवायचं नसतं. ती चकती कुठल्या पत्र्याची, तिची दोन तोंडं समांतर आहेत का, हे कुणी मोजलेलं नसतं.

आणि केवळ दिसण्यासाठी हवा असेल, तर माल वाहणाऱ्या गाडीवर तो हट्ट धरू नका, ही हात जोडून विनंती.

"परदेशात तर सर्रास वापरतात"

वापरतात. पोर्शेसारखी कंपनी स्वतः आपल्या कारसाठी स्पेसर देते, लांब बोल्टसकट. जर्मनीत बाहेरचा स्पेसर लावायचा तर त्या गाडीसाठीचं तपासणीपत्र लागतं आणि बसवल्यावर बहुतेक वेळा गाडी तपासणीला न्यावी लागते. बॉक्सवरच्या जाहिरातीत यातलं काहीच नसतं.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. परवानगीत न बसणारा फेरफार केला तर कलम १८२-अ प्रमाणे मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी न कळवलेल्या फेरफारावर बोट ठेवते, तेव्हा दावा अडकतो. निखळलेलं चाक समोरून येणाऱ्या दुचाकीवर गेलं तर काय होईल, हे आम्ही लिहीत नाही. तुम्ही हायवेवर रोज असता.

आधीच बसवलेला असेल तर

जुनी पिकअप बाजारातून घेतली असेल तर स्पेसर आहे हे मालकालाही माहीत नसतं. टायर मडगार्डच्या बाहेर दिसतो का बघा. मग टॉर्च घेऊन ड्रम आणि डिस्कच्या मधल्या फटीत बघा, चांदीसारखी चकतीची कड दिसली तर स्पेसर आहे. नटापासून डिस्कवर बाहेरच्या दिशेने पसरलेली गंजाची तांबडी रेघ, वेगात ठराविक ठेक्यात येणारी कटकट, नवीन सुरू झालेली थरथर, यातलं काहीही असेल तर माल भरू नका.

नट पायाने दाबून आवळायची सवय मात्र मोडा. ७० किलोचा माणूस ४० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला की नटावर जवळपास २७५ न्यूटन-मीटर जोर येतो. एम-१२ नटाला लागतो साधारण १०० ते १२०. जास्त आवळल्याने स्टड कायमचा लांबतो, मग तो धरत नाही. उलट मोठ्या ट्रकच्या एम-२२ नटाला सुमारे ६०० लागतो, तिथे नुसता हातपाना पुरत नाही. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरायचा.

आमच्याकडे आलात तर चारही चाकं उतरवून स्पेसर, स्टड आणि हबची तोंडं दाखवतो. या तपासणीचे पैसे घेत नाही. स्पेसर काढायचं ठरलं तर एका चाकाचे सगळे स्टड एकदम बदलतो. तुटलेला एकच बदलून चालत नाही, कारण बाकीच्यांनी त्याचाही भार सोसलेला असतो. काम झाल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर परत आणायची तारीख बिलावर लिहून देतो, ती चुकवू नका.

येताना गाडी रिकामी आणा. घाट उतरून थेट आलात तर तासभर थांबावं लागेल, कारण तापलेल्या ड्रमवर टॉर्क रेंचचा (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याचा) आकडा खरा येत नाही. बसायला सावली आहे, चहा समोरच मिळतो.