घरी न्यायची गोळी: वादाची पार्श्वभूमी

गर्दच्या (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइनच्या) व्यसनावरची बुप्रेनॉर्फिनची गोळी पेशंटला घरी द्यावी की केंद्रावरच घ्यायला लावावी, हा वाद आहे. गर्दच्या साथीत, १९८० च्या दशकात, मुंबई-पुण्यात व्यसनमुक्ती म्हणजे रुग्णालयात भरती. टर्की (नशा तुटल्यावरचा त्रास) उतरेपर्यंत औषधं, मग समुपदेशन, मग घरी. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानेही हा साचा फारसा हलला नाही. सुटल्यावर जुन्याच मापाने गर्द घेणारे दगावायचे, कारण मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असे.

बुप्रेनॉर्फिन हे गर्दच्याच जातीचं, पण सौम्य औषध; गर्दऐवजी द्यायचं पर्यायी औषध म्हणून त्याचा वापर १९९० च्या दशकात सुरू झाला. सरकारने तो पुढे नेला तो एचआयव्हीसाठी: सुई थांबवायची होती, व्यसनमुक्ती हा जोडलाभ. त्यामुळे पद्धत ठरली ती रोज केंद्रावर यायचं आणि परिचारिकेसमोर औषध घ्यायचं अशी. गोळीची पूड जिभेखाली, पाच-दहा मिनिटं गिळायचं नाही (गिळलं तर बरंचसं औषध वाया), मग तोंड उघडून दाखवायचं. पहिल्या दिवशी घाई नडते. शेवटच्या गर्दनंतर ८-१२ तास जाऊन जांभया, गळतं नाक, अंगावर काटा दिसला की मगच २ ते ४ मिलिग्रॅम. आधी दिलं तर औषध उरलेल्या गर्दला हुसकावून स्वतःच टर्की आणतं, आणि तो पेशंट परत फिरकत नाही.

खरा वाद हजेरीचा. रोजंदारीवरच्या माणसाचा अर्धा दिवस रांगेतच जातो. आठवडाभर खंड पडला तर जुना डोस तसाच देता येत नाही, पुन्हा खालून चढवावं लागतं. उलट बाजूचा आक्षेप असा की घरी दिलेली गोळी बाजारात जाते. म्हणून गोळीत नॅलोक्सोनची, म्हणजे गर्दसारख्या औषधांचा असर तोडणाऱ्या औषधाची, जोड आली, २ मिलिग्रॅम बुप्रेनॉर्फिनला अर्धा मिलिग्रॅम. जिभेखाली ते जवळजवळ शोषलंच जात नाही. गर्दच्या व्यसनीने टोचून घेतलं तर मात्र टर्की. बुप्रेनॉर्फिनच रोज घेणाऱ्यावर हा धाक कमी चालतो, हे सहसा कोणी सांगत नाही.

पंजाबात ऑक्टोबर २०१७ मध्ये भरतीशिवाय, ओपीडीवर ही नॅलोक्सोन जोडलेली गोळी सुरू झाली, तीही रोज समोर घ्यायच्या अटीवर. मार्च २०२० च्या टाळेबंदीत दोन आठवड्यांची औषधं घरी द्यावीच लागली. जी सवलत वर्षानुवर्षं अशक्य म्हणून नाकारली जात होती, ती काही दिवसांत मिळाली. गोळ्या बाजारात जातात, हे खरंच. पण विकत घेणाऱ्यांत टर्की टाळण्यासाठी घेणारेही असतात, म्हणजे ज्यांना केंद्राची रांग परवडली नाही ते.