लहान बोटीवरील इंधनाचा काटा चुकीचा दाखवत असल्यास : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इंधनाचा काटा हलेनासा झाला की बहुतेक ग्राहक आमच्याकडे थेट नवे मीटर मागतात. आमचा अनुभव असा की मीटर स्वतः क्वचितच बिघडते; दोष बहुधा टाकीवरील सेंडरमध्ये (इंधनाची पातळी मीटरला कळवणाऱ्या भागात), त्याच्या वायरीत किंवा सर्वांत जास्त वेळा अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाणाऱ्या वायरीच्या, जोडणीत असतो. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी पुढील तपासण्या क्रमाने कराव्यात, अशी आमची विनंती आहे. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बोटी शाकारून किनाऱ्यावर असतात आणि सहलीच्या बोटींनाही पावसाळ्यात काम कमी असते, त्यामुळे नारळी पौर्णिमेपूर्वीच हे काम उरकून घेणे सोयीचे पडते.

टाकीच्या आत सेंडरच्या एका दांडीला फ्लोट, म्हणजे इंधनावर तरंगणारा भाग, जोडलेला असतो. इंधनाच्या पातळीबरोबर तो वरखाली होतो, तसा सेंडरमधील विद्युतरोध बदलतो आणि मीटरचा काटा त्यानुसार सरकतो. बाजारात दोन पद्धतींचे सेंडर मुख्यत्वे मिळतात. अमेरिकन पद्धतीत रिकाम्या टाकीला सुमारे 240 ओहम आणि भरलेल्या टाकीला सुमारे 33 ओहम रोध असतो. युरोपीय पद्धतीत याच्या उलट, रिकाम्याला सुमारे 10 आणि भरलेल्याला सुमारे 180 ओहम. एका पद्धतीचे मीटर आणि दुसऱ्या पद्धतीचा सेंडर यांची जोडी कधीच जमत नाही. ‘नवा सेंडर बसवला तरी काटा उलटाच चालतो’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा हेच घडलेले असते.

तपासणी सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साचून राहते आणि वरून तिचा वास येईलच असे नाही. झाकणे उघडून बोट पुरेशी हवेशीर करावी, विडी-सिगारेट दूर ठेवावी आणि टाकीजवळ कोणतीही वायर लावताना किंवा काढताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद असल्याची खात्री करावी. टाकीच्या माथ्यावर वायर टेकवून ठिणगी पाहण्याची जुनी सवय काही तांडेलांना (बोट चालवणाऱ्या प्रमुखांना) आहे. ती कृपया सोडावी. खालची चाचणी मीटरच्या मागेच करायची आहे आणि तेथेही वायर जोडण्यापूर्वी चावी बंद करायची आहे.

मीटरच्या मागे साधारणपणे तीन टोके असतात : चावीकडून येणाऱ्या वीजपुरवठ्याचे आय, सेंडरचे एस आणि अर्थचे जी. चावी चालू करून आय आणि जी यांच्यामध्ये मल्टिमीटर (विजेचा दाब व रोध मोजण्याचे उपकरण) लावल्यास बॅटरीइतका, म्हणजे 12 व्होल्टच्या आसपास दाब मिळाला पाहिजे. तो मिळत नसेल तर फ्यूज, स्विच किंवा मीटरची अर्थ वायर पाहावी. पुढे जाण्याचे कारण नाही. दाब बरोबर असेल तर चावी बंद करून एस वरील वायर काढावी आणि चावी पुन्हा चालू करावी. अमेरिकन पद्धतीचा काटा रिकाम्याकडे जाईल. त्यानंतर चावी बंद करून एस आणि जी एका तुकड्याने जोडावेत आणि चावी क्षणभर चालू करावी. आता काटा भरलेल्याच्या टोकाकडे गेला पाहिजे. युरोपीय पद्धतीत दोन्ही वेळा उलट दिसेल. काही मीटरांचा काटा सावकाश सरकतो, तेव्हा थोडे थांबावे. काटा दोन्ही टोकांना गेला तर मीटर ठणठणीत आहे, असे समजून टाकीकडे वळावे.

टाकीवर पोहोचल्यावर सेंडर काढण्याची घाई करू नये. आधी अर्थ पाहावा. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत साध्या तांब्याच्या वायरीवर हिरवट थर चढतो आणि तो इन्सुलेशनच्या आतपर्यंत शिरतो, त्यामुळे टोक वरून घासून स्वच्छ केले तरी आतला रोध तसाच राहतो. अशा जोडणीत 30 ओहमांचा रोध वाढला तर अमेरिकन पद्धतीची पूर्ण भरलेली टाकी पाऊणच्या आसपास दिसते. यात नुकसान फारसे नाही, कारण माणूस उलट लवकर इंधन भरतो. युरोपीय पद्धतीत मात्र हाच दोष प्रत्यक्षापेक्षा जास्त इंधन दाखवतो. टाकी संपत आलेली असताना काटा अजून थोडे शिल्लक असल्याचे सांगतो आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याकडे निघालेली बोट वाटेत बंद पडू शकते. म्हणून मुख्य स्विच बंद ठेवून सेंडरची टाकीवर स्क्रूंनी बसवलेली चकती आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यातील रोध मोजावा. तो एका ओहमपेक्षा कमी असावा. जास्त आढळल्यास कलई केलेल्या तांब्याची नवी वायर टाकावी, टोके नीट दाबून बसवावीत आणि त्यांवर ग्रीस लावावे.

अर्थ निर्दोष निघाला तरच सेंडर उघडावा. अनेक सेंडरच्या चकतीवरील पाच स्क्रूंची छिद्रे मुद्दाम असमान अंतरावर असतात, त्यामुळे तो एकाच दिशेने बसतो. स्क्रू काढण्यापूर्वी टाकीवरील धूळ व मीठ पुसून घ्यावे. फ्लोट हाताने सावकाश वरखाली करताना मल्टिमीटरवरील आकडा खंड न पडता बदलला पाहिजे; मध्येच उडी मारत असेल तर आतील पट्टी झिजली आहे, आणि असा सेंडर दुरुस्त करण्यापेक्षा बदलणेच परवडते. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत इंधन खळखळत असेल तर तो बुडतो, म्हणून काटा वर येत नाही. परत बसवताना पॅकिंग नवे आणि इंधनाला टिकणारे घ्यावे. घरगुती सिलिकॉन पेट्रोलमध्ये टिकत नाही.

सर्व काही ठीक असूनही काटा अर्ध्यावर येताच भराभर उतरतो, ही तक्रार बहुधा टाकीच्या आकाराची असते. बोटीच्या तळाशी बसवलेली टाकी खाली निमुळती असल्याने अर्धी उंची म्हणजे अर्धे इंधन नव्हे. टाकी रिकामी असताना 10-10 लिटर मोजून भरावे आणि प्रत्येक वेळी काट्याची जागा व मापाच्या काठीवरील खूण टिपून ठेवावी. बोट पाण्यावर नेहमीच्या भारासह समतल असतानाच हे करावे. काठीच्या टोकाला पेट्रोल पंपांवर वापरतात ती पाणी शोधणारी पेस्ट लावल्यास पावसाळ्यात तळाशी साचलेले पाणीही कळते. आउटबोर्ड इंजिनाच्या सुट्या टाकीत यांत्रिक फ्लोट असतो. तो अडकल्यास झाकणासह बदलावा लागतो.

दुरुस्तीसाठी येताना जुना सेंडर, मीटरच्या मागील बाजूचे छायाचित्र, टाकीची आतील उंची आणि वर मोजलेले आकडे सोबत आणावेत. सेंडरच्या दांडीची लांबी टाकीच्या उंचीवरून ठरते, त्यामुळे हे माप नसल्यास दुसरी फेरी पडते. टाकीतून डिझेल किंवा पेट्रोल झिरपत असल्यास मात्र बोट हलवू नये, इंजिन सुरू करू नये आणि आम्हाला बोटीवर बोलवावे.