थेंबभर गळती, वीस अंशांचा फटका

“रेडिएटर जरासा गळतो, पण रोज सकाळी अर्धा लिटर पाणी ओतलं की काम भागतं.” असं सांगणारा गाडीमालक प्रत्येकाच्या ओळखीत असतो. त्याचा हिशेब वरवर बिनचूक आहे: जेवढं गळलं, तेवढं भरलं. शहरातल्या शहरात तो चुकतही नाही. घाट लागला की चुकतो, कारण त्या फटीतून पाण्याबरोबर दाबही जातो आणि दाब काही बाटलीने भरता येत नाही.

इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता कूलंटला, म्हणजे इंजिन आणि रेडिएटरमधून फिरणाऱ्या पाण्याला किंवा द्रवाला, वाहून न्यावी लागते. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडतो आणि नेहमीच्या चालण्यात कूलंट ९० ते १०० अंशांवर असतं. पाणी तर समुद्रसपाटीला १००ला उकळतं. म्हणजे हाताशी जागा जवळपास नाहीच. ती मिळवून देण्यासाठी रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीचं काम करतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो; बाहेरच्या हवेपेक्षा साधारण तेवढ्या वातावरणांनी (समुद्रसपाटीच्या हवेचा दाब म्हणजे एक वातावरण) जास्त दाब आत साठेपर्यंत स्प्रिंग झडप दाबून धरते. ०.९च्या झाकणाखाली साधं पाणी उकळायला ११८ अंश लागतात. निम्मं इथिलीन ग्लायकॉल असलेलं कूलंट उघड्यावर १०७ला उकळतं, झाकणाखाली सव्वाशेच्या आसपास. दाब त्याहून वाढला तर झडप उघडते, जादा कूलंट शेजारच्या बाटलीत जातं आणि इंजिन थंड होताना झाकणातल्याच दुसऱ्या, छोट्या झडपेतून परत आत ओढलं जातं. इतक्या स्वस्त वस्तूत इतकी अक्कल गाडीत दुसरीकडे कुठे नसेल.

आता रेडिएटरला सुईच्या टोकाएवढं भोक पडलंय असं समजा. दाब साठण्याआधीच निसटतो. नुसतं पाणी भरलेली अशी गाडी पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला निघाली, तर वर, साडेतेराशे मीटरवर, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळणार. रेडिएटर धड असता तर तिथेही ११६ अंशांपर्यंत मुभा होती. वीस अंश गेले, तेही चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, समोरून वारा लागत नसताना.

गंमत अशी की थोडं उकळणं इंजिनाच्या फायद्याचंच असतं. जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळचा धातू कूलंटपेक्षा बराच गरम असतो. तिथे निरोगी इंजिनातही बारीक बुडबुडे उठतात, सुटतात आणि आजूबाजूच्या कमी गरम द्रवात विरतात. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात, त्यामुळे हे चिमुकले बुडबुडे धातूची भरपूर उष्णता घेऊन जातात. उत्कलनबिंदू खाली आला की मात्र जुने विरायच्या आत नवे येतात, एकमेकांत मिसळतात आणि धातूवर वाफेचा सलग पापुद्रा धरतो. वाफेची उष्णतावाहकता पाण्याच्या पंचविसाव्या हिश्शाच्या घरातली. उष्णता धातूतच कोंडते, धातू आणखी तापतो, पापुद्रा आणखी पक्का होतो. पंपात वाफ शिरली की प्रवाह मंदावतो. शेवटी इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे ॲल्युमिनियमचं हेड, वाकतं आणि त्याच्याखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, उडतं. टेंपरेचरचा सेन्सर वाफेत उघडा पडला तर काटा खरं सांगत नाही. कधी चक्क खाली येतो, आणि चालवणारा सुटकेचा निःश्वास टाकतो.

गरम इंजिनाचं झाकण उघडणं म्हणजे हाच दाब एका क्षणात सोडणं. ११५ अंशांवरच्या ५ लिटर पाण्यापैकी जेमतेम तीन टक्क्यांची वाफ होते, पण ती भरते दोनशे लिटरहून जास्त, आणि उरलेलं उकळतं पाणी बरोबर घेऊन तोंडावर येते.

म्हणून तपास थंड इंजिनावरच. गाडीखालचं स्वच्छ, बिनवासाचं पाणी बहुधा एसीचं असतं. रंगीत, बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. हल्लीच्या रेडिएटरमध्ये ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकच्या टाक्या रबरी सील घालून, कडा दुमडून बसवतात. पहिला संशय त्या जोडावर. तिथे वाळलेली खपली दिसते. मग होजच्या क्लिपा, वॉटर पंप, झाकणाचं रबर. बाहेर थेंबही नाही, तरी पातळी घटतेय? पुढच्या सीटजवळचं कार्पेट ओलं असेल तर हीटर कोअर, म्हणजे केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला तर गॅस्केट. खात्रीचा उपाय म्हणजे झाकणाच्या जागी हातपंप लावून, झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरून काटा पाहत बसणं. काटा उतरला तर गळती आहे, मग ती दिसो न दिसो.

महामार्गावरचा जुना तोडगा म्हणजे रेडिएटरमध्ये हळद. ते थोतांड नाही. हळदीचे कण पाण्यात फुगतात, प्रवाहाबरोबर भोकाकडे ओढले जातात आणि अडकतात. बंपरच्या लिंबू-मिरचीला एवढीही यंत्रणा नाही. पण भोक कुठलं आणि रेडिएटरची अरुंद नळी कुठली हे हळदीला कळत नाही. ‘गळती कायमची बंद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांनाही फारसं कळत नाही. गॅरेज गाठेपर्यंत ठीक. थर्मोस्टॅटच काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. गळती तशीच राहते आणि इंजिन तापायला उशीर लागून इंधन जास्त खातं.

तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला डाख लावून मिळायचा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असल्याने साधा डाख धरत नाही, आणि प्लॅस्टिकच्या टाकीवरचं इपॉक्सी तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत तडकतं. टाकी फुटली असेल तर रेडिएटर बदला. झाकणही नवं घ्या, त्याच आकड्याचं. जास्त आकड्याचं लावलं तर जुना होज फुटेल. क्षार असलेलं बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरा. भरताना आत अडकलेली हवा काढायला विसरू नका, नाहीतर वाफेने केलं तेच ती करेल. सांडलेलं कूलंट मात्र लगेच धुऊन टाका: ते गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात.